कोळशाचं मंजन

निंबोळा, ता. बदनापूर
दि. ८ ऑगस्ट २०२४

चि. अर्पिता हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून तू हसशील. घरात मोबाईल असताना आत्याला पोस्ट कुठून आठवलं, म्हणशील. पण मोबाईल पडला कल्याणचा. दिवसभर त्याच्या खिशात आणि संध्याकाळी साऱ्या घराच्या हातात. मी जे लिहिणार आहे ते माझ्या लेकाने चारचौघांत वाचावं असं नाही. माझ्या कानांचं तर तुला ठाऊकच आहे. तू घेऊन दिलेलं यंत्र डब्यात सुखरूप आहे. ते घातलं की भांड्यांचा आवाज येतो, माणसांचा येत नाही. त्यापेक्षा शालूची पाटी बरी. नातीला काही सांगायचं असलं की ती पाटीवर लिहून माझ्यासमोर धरते आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की मी तिथेच दुरुस्त करते. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली, खोड कशी जाईल?

परवा चाँदबी पंचमीच्या बांगड्या भरायला आली होती. तिला लिहिता येत नाही, मला ऐकू येत नाही, तरी आमच्या तीस वर्षं गप्पा चालतात. या वेळी तिने ओसरीवर हिरव्या बांगड्या ओळीने मांडल्या. आधी एक मोठी, मग तिच्याहून लहान, मग त्याहून लहान. तुला आठवतं, आपल्याकडे पोरगी न्हाती-धुती झाली की पाच बायका बोलावून ओटी भरतात आणि चाँदबी हिरवा चुडा भरते. मोठ्या बांगडीवर बोट ठेवून तिने माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या वेळचं माप. मधली तुझ्या वेळची. शेवटची उचलून तिने लेकरांच्या डब्यात टाकली आणि पाच बोटं दाखवली. गेल्या वर्षी गावात पाच चुडे तिने लेकरांच्या डब्यातून भरले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, अर्पिता?

सहावं नाव मला माहीत होतं. आपली शालू. पावणेआठ वर्षांची. दारामागे मी दरवर्षी तिच्या उंचीची खूण करते. गेल्या वर्षी एकशे अठरा, या जूनला एकशे सत्तावीस. कल्याण मिशीला पीळ देतो, आज्यावर गेली म्हणतो. पण बेबीनंदाला बाकीच्याही खुणा दिसल्या. आईच ती, तिच्या नजरेतून काय सुटणार? जुलैत आम्ही दोघी तिला जालन्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी मनगटाचा एक्स-रे काढला आणि कागदावर लिहून दिलं की पोर आठाची, हाडं साडेदहाची. आता भरभर वाढेल आणि मग लवकरच थांबेल, बुटकी राहील. सहा महिने बघू, जानेवारीत पुन्हा फोटो काढू, तोवर पाळी आली तर इंजेक्शनं द्यावी लागतील. पाणी कुठलं पिता, हेही त्यांनी विचारलं. का विचारलं ते मात्र लिहिलं नाही.

म्हणून तुला लिहिते. तू पुण्यात पाण्याच्याच प्रयोगशाळेत आहेस. आमच्या विहिरीत काय आहे ते मला सांग. पोरीला तिसरी-चौथी तरी लहानपणी करू दे, एवढंच मागणं आहे.

माया आहे तशीच राहू दे, आणि जेवण वेळेवर कर.

तुझी
दुर्गाआत्या


पुणे
दि. १७ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून आधी आनंद झाला आणि मग पत्र दोनदा वाचलं. कानाचं यंत्र डब्यात सुखरूप आहे हे वाचून मात्र रागच आला. डब्याला ऐकू येत असेल तर त्याला माझा नमस्कार सांग.

आत्या, एका गोष्टीची तयारी ठेव. शालूला जे होतंय ते पाण्यामुळेच, असं मी कधीच छातीठोक सांगू शकणार नाही. काही मुलींना ते आपोआप होतं, काहींना खाण्यापिण्याने, वजनाने. पण पाण्यात अशी द्रव्यं असतात आणि ती शरीराला चकवतात, हे खरं आहे. त्यामुळे बघायला हवं.

पाणी काचेच्या बाटलीतच भर. प्लास्टिकच्या बाटलीतून स्वतःचंच काहीबाही पाण्यात उतरतं, मग चोर कोण आणि साव कोण ते कळत नाही. बाटली गरम पाण्याने धुवायची, साबण लावायचा नाही. बूच कापडात बांधून पुण्याला येणाऱ्या राधेश्यामच्या गाडीने पाठव, तो स्वारगेटला माझ्या हातात देईल. गाळू नको, तुळशीपत्र टाकू नको आणि देवापुढेही ठेवू नको. तुला ओळखते म्हणून लिहिलं.

शालूला माझा पापा. तिच्यासाठी चौकोनी वही पाठवते आहे, पाटीला जरा विश्रांती.

तुझे आशीर्वाद पाठीशी आहेत असं धरून चालते.

तुझी
अर्पिता


निंबोळा
दि. २९ ऑगस्ट २०२४

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

दोन बाटल्या पाठवल्या आहेत. एक विहिरीची आणि एक कल्याणच्या शेततळ्याची, कारण उन्हाळ्यात टाकीत तेच पाणी सोडतात. बाटल्या सरबताच्या आहेत, सात वेळा धुतल्या. देवापुढे ठेवल्या नव्हत्या. नुसता हात जोडला होता.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गेल्याच महिन्यात कागद चिकटवलाय, पाणी पिण्यास योग्य. मी तो तिथे उभी राहून सगळा वाचला. क्षार, जंतू, गढूळपणा असं सारं त्यात आहे. शेजारी उभ्या असलेल्या भुजंगने हातवारे करून विचारलं, की म्हातारे, सरकारवर विश्वास न्हाई का?

कल्याणला शेवटी सांगावं लागलं. बेबीनंदाने सांगितलं, मी फक्त त्याचं तोंड बघत होते. तो आधी चिडला. बायकांना कामधंदा नाही, पोरगी उंच झाली तर हिला रोग दिसून राह्यला, असं काहीतरी म्हणाला असणार. मग शालूची पाटी घेऊन त्याने माझ्यासाठी लिहिलं: “एक नाव सांगा. फवारा असंल तर फवारा बंद करतो, तळ्याची प्लास्टिकची पन्नी असंल तर पन्नी काढतो. पण एक नाव सांगा.” मी ती पाटी पोरीने बघण्याआधी पुसली. तुझ्याकडे ते नाव असेल तर लौकर कळव.

बेबीनंदा पाणी उकळून पाजते आहे. बराबर करते ना?

ओढ आहे, तब्येतीला जप.

दुर्गाआत्या


पुणे
दि. १४ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाणी तपासलं. सगळे गेल्यावर मी स्वतः यंत्रावर लावलं, म्हणून उशीर झाला. दादाला सांग, एक नाव नाही. निदान सहा निघाली, आणि आणखी शोधली असती तर आणखी निघाली असती. प्लास्टिक मऊ करणारं द्रव्य आहे, फवारणीच्या औषधांचे अंश आहेत, धुण्याच्या साबणातून मागे उरतं ते आहे, आणि माणसांच्या गोळ्या-औषधांतलंही आहे, जे वरच्या गावांच्या सांडपाण्यातून नाल्याने येतं. प्रत्येक इतकं थोडं, की भरलेल्या शेततळ्यात मिठाची एक चिमूट. कोणा एकाला धरावं असं काहीच नाही. सगळ्यांनी चिमूट-चिमूट टाकलंय.

तुला साधं करून सांगते. शरीर आपली कामं चिठ्ठ्या पाठवून करून घेतं. आता वाढ, आता थांब, आता वयात ये. त्या चिठ्ठ्या म्हणजे हार्मोन. ही द्रव्यं म्हणजे तशाच अक्षरातल्या खोट्या चिठ्ठ्या. शरीर त्या आपल्याच घरच्या समजून उघडतं. मोठ्या माणसाचं फारसं बिघडत नाही, पण लेकराच्या शरीराला थोड्याही पुरतात.

भिंतीवरचा कागद खोटा नाही आत्या, हेच वाईट आहे. त्या तक्त्यात यांतल्या बहुतेकांना रकानाच नाही. ज्याला मर्यादा ठरवलेली नाही ते मर्यादेत आहे असंच निघतं. आमच्या साहेबांकडे मी संस्थेच्या कागदावर अहवाल मागितला. ते म्हणाले, कोणत्या नियमाखाली देऊ? मी खूप बोलले त्यांना. उपयोग शून्य.

उकळून उपयोग नाही. वाफ जाते आणि ही मंडळी भांड्यात तशीच राहतात, थोडी दाटच होतात. जंतूंसाठीचं औषध टाकूनही बहुतेक जात नाहीत. पाणी शुद्ध करायच्या मशीनने बरीच जातात, पण तुमच्याकडे ते पाणी प्लास्टिकच्या जारमध्ये भरून दिवसभर उन्हात टेम्पोवर फिरतं. आपल्या हातात एकच उपाय आहे, कोळसा. चुलीतला नाही, करवंटीचा, खास भाजून तयार केलेला. त्याच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, त्यांत ही द्रव्यं चिकटून बसतात. राधेश्यामकडे पोतं पाठवते आहे. तिवईवर तीन मडकी मांड. वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा, खालच्यात गाळलेलं पाणी. वरच्या दोन मडक्यांच्या बुडाला बारीक भोक पाड, पाणी सावकाश उतरू दे. दर दोन महिन्यांनी कोळसा बदलायचा, कारण छिद्रं भरली की तो पकडणं सोडतो. हे विसरू नको.

माझ्या हातून एवढंच होतंय, याची लाज वाटते.

माझ्यावर आहे तेवढाच जीव शालूवरही राहो. वहिनीला नमस्कार.

तुझी
अर्पिता


निंबोळा
दि. ३० नोव्हेंबर २०२४

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

दिवाळीला आली नाहीस म्हणून रुसले होते. करंज्या राधेश्यामने निम्म्या वाटेतच खाल्ल्या असतील, खरं सांग.

तुझ्या मडक्यांनी गावात नाव काढलं. आधी आपल्याकडे, मग अंगणवाडीत, मग बघून-बघून आणखी आठ घरी. पाण्याला चव आली आहे, गोड लागतं. शालूला मी मडक्यांची मुख्याध्यापिका नेमलंय. सकाळी पाणी तीच भरते, कुणाचं मडकं भराभर गळतं ते पाटीवर लिहून आणते. कल्याणने स्वतः दुसरी तिवई ठोकून दिली. तांब्याही आता तो त्याच मडक्यात बुडवतो. दिवाळीला शालूला दारामागे उभी केली, तर एकशे सत्तावीस आणि वर जेमतेम एक. जोर ओसरला. बेबीनंदा त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसली.

दोन महिने झाले तसा कोळसा बदलला. विसरले नाही. आणि तुझा एवढा मोलाचा करवंटीचा कोळसा उकिरड्यावर टाकायला मी काही वेडी नाही. दहाही ठिकाणचा गोळा केला, अंगणात चार दिवस वाळवला, जात्यावर दळला, वस्त्रगाळ केला. त्यात सैंधव, लवंग आणि थोडी बाभळीची साल घालून मंजन केलंय. आमची आई असंच करायची, तिचे बत्तीस दात सरणापर्यंत शाबूत होते. एकशे चाळीस पुड्या झाल्या. शालूने कागद कापले, मी बांधल्या. अंगणवाडीतल्या सगळ्या लेकरांना वाटल्या, न्हाण आलेल्या त्या पाच पोरींच्या घरीही दिल्या. सकाळी पोरं ओळीने बसून काळी तोंडं करून दात घासतात, बघायला गंमत वाटते. शालूचे तर मोत्यासारखे झालेत.

तुझ्यासाठीही पाकिटात एक पुडी ठेवली आहे. पुण्याच्या फेसाळ पेस्टपेक्षा कधीही बरी.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

दुर्गाआत्या


पुणे
दि. ४ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी सहा आठवडे कामासाठी चिपळूणला होते. काल रात्रीच्या गाडीने परत आले आणि तुझं पाकीट खोलीच्या मालकिणीकडे पडलेलं मिळालं. पुडी हातात घेतली आणि मग पत्र वाचलं. दादाला लगेच फोन केला आणि मंजन बंद करा, एवढंच सांगितलं. तो का म्हणून विचारत राहिला आणि मला फोनवर सांगता येईना. म्हणून हे लिहिते. तू बसून वाच.

आत्या, दोन महिने पाण्यातून जे काही निघालं ते त्या कोळशात होतं. तो कोळसा म्हणजे गाळणीत उरलेला गाळ. तोच दळून लेकरांच्या तोंडात गेला.

चूक तुझी नाही. बदलायचा केव्हा, ते मी लिहिलं. टाकायचा कुठे, ते लिहिलंच नाही. प्रयोगशाळेत जुन्या कोळशाचं एक पिंप असतं, आठवड्याने एक गाडी येते आणि घेऊन जाते. गाडी कुठे जाते ते मी कधी विचारलं नाही. ज्या घरात चिंचेचा चोथासुद्धा भांडी घासायला ठेवतात, त्या घरात मी वाढले, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझीच अक्कल गहाण पडली होती.

किती पोटात गेलं? मला माहीत नाही. कोळसा घट्ट धरून ठेवतो, कदाचित फारसं सुटलंच नसेल. पोरांनी चूळ भरून थुंकलंही असेल. तुझी पुडी मी तपासायला घेतली. कोळशात काय आहे ते निघेल, पण लेकराच्या तोंडात त्यातलं किती सुटतं हे जगात कुणी मोजलेलं नाही. मी दिवसभर शोधलं. कारण याने कुणी दात घासेल असं कुठल्याच शास्त्रज्ञाच्या मनात आलं नाही.

उरलेल्या पुड्या आणि कोळसा गोळा करून पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद कर. पुरू नको, विहिरीतच परत येईल. चुलीत घालू नको. तो जाळायला फार मोठी आच लागते. जालन्यात पोलादाच्या भट्ट्या आहेत तेवढी, पण आपला डबा तिथे कोण घेणार? विचारून बघते. मडकी मात्र चालू ठेव, नवीन पोतं पाठवते.

मला रागाव, पण लिहीत राहा.

तुझी
अर्पिता


निंबोळा
दि. १९ जानेवारी २०२५

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर रागवून काय करू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पुड्या गोळा करायला घरोघर गेले. एकशे चाळीसपैकी बत्तीस मिळाल्या. बाकी संपल्या. लोकांना फार आवडलं होतं ना. भुजंगने साऱ्या पारावर मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने विचारलं, म्हणजे किती मोठ्याने ते समज: “पयले पानी खराब, मंग मंजन खराब. आता काय हवा खराब म्हन्ता का?” आठ घरांपैकी सहा घरांनी मडकी काढून त्यांत कडबोळी भरून ठेवली. त्यांना काय म्हणू? ज्या हाताने पाणी स्वच्छ केलं त्याच हाताने मी पुड्या वाटल्या. अंगणवाडीतल्या लेकरांची नावं मला पाठ आहेत. रोज एकेक आठवतं आणि त्या घरी मुलगी आहे की मुलगा, एवढंच मन विचारतं.

आता जे लिहायचं ते लिहिते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पंधरा तारखेला, शालूला पाळी आली. आठ वर्षं दोन महिने. शाळेत खो-खो खेळताना. बाईंनी ओढणी गुंडाळून घरी आणलं. ती रडली नाही, नुसती खो-खो अर्धा राहिला म्हणाली. कालच डॉक्टरांनी फोटो काढला. हाडं बाराची झालीत. दिवाळीला उंचीचा जोर ओसरला म्हणून आम्ही हसलो होतो, ते वाढ संपत आल्याचं लक्षण होतं. सोमवारपासून इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. थोडा उपयोग होईल, असं त्यांनी लिहून दिलं. थोडा या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली आहे.

ओटी भरली नाही, बेबीनंदाने साफ नाही म्हटलं. तरी चाँदबी आली. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. पेटी उघडली, लेकरांचा डबा काढला आणि शालूचा हात हातात घेऊन मनगट दाबून बघितलं, भरताना बघते तसं. बराच वेळ धरून बसली. मग डबा मिटला, पेटी मिटली आणि काही न भरताच गेली. कल्याण त्या दिवसापासून तळ्याच्या काठावर जाऊन बसतो. पन्नी अजून काढलेली नाही. काढून काय होणार, ते त्यालाही कळतं.

काल संध्याकाळी शालूने पाटी आणली. एरवी ती माझ्यासमोर उभी राहून धरते, या वेळी मांडीवर ठेवून लांब गेली. लिहिलं होतं: “आजी मी मंजन दोनदा लावत होते. तूला बर वाटाव म्हणून. त्याच्यामूळे झाल का?”

ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं आहे. मी दुरुस्त केलं नाही. बहिरेपणा मला फार कामाला येतो अर्पिता, नको ते ऐकू आलंच नाही असं करता येतं. पण लिहिलेलं कसं टाळू? पाटी उशाशी आहे. पोर दिवसातून चार वेळा येऊन बघून जाते की खाली काही लिहिलं का. तिला काय उत्तर लिहू, ते कळव. बाकी काही नको.

ता. क. डबा माळ्यावर ठेवला आहे. त्याचं काय करायचं?

दुर्गाआत्या


पुणे
दि. २४ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तीन पानं लिहून फाडली.

भट्टीवाल्यांना फोन केले. एकाने चौकशी करून सांगतो म्हटलं, दुसऱ्याने हसून ठेवला. डबा माळ्यावरच राहू दे.

पाटीवर नाही असं लिही. मोठ्या अक्षरात. खुणा दिसल्या जूनमध्ये आणि मंजन झालं नोव्हेंबरात, तारखा तुझ्याच पत्रांत आहेत. म्हणजे सुरुवात मंजनाने झाली नाही, हे खरं आहे. मंजनाने घाई झाली का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, यंत्राकडे नाही, कुणाकडेच नाही. तो अर्धा प्रश्न तिला देऊ नको. तो तू आणि मी वाटून घेऊ, जन्मभर पुरेल.

नाही लिहिल्यावर पाटी तू पुसू नको. तिच्याकडे दे आणि तिला हवी तेव्हा तिची ती पुसू दे.

मी पुढच्या रविवारी येते आहे.

तुझी
अर्पिता